कॉन्ट्रा फास्ट झालाय की मी म्हातारा?

ताई, नमस्कार.
आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली. दिवाळीआधी खोली रिकामी करायची आणि तीन वर्षं चेंबूरला भाड्याच्या वन आरकेत काढायची. माळा उपसला तेव्हा माझी तीन मशिनं खाली आली. एक, शाळेत असताना बाबांनी मनीष मार्केटमधून आणलेलं कॅसेटवालं व्हिडिओ गेम, दोन रिमोट आणि बंदुकीसकट. दुसरा जाडा पीएसटू (सोनीचं प्लेस्टेशन 2), 2004 मध्ये घेतलेला, नकली डीव्हीडी चालाव्यात म्हणून चिप बसवलेला. गाड्यांच्या शर्यतीचं माझं ग्रॅन टुरिस्मो त्यात 68 टक्क्यांवर थांबलंय. तिसरा पीएसथ्री, 2017 नंतर लावलेलाच नाही. बायको म्हणते, हे सगळे खेळ आता कॉम्प्युटरवर चालतात, तू स्वतः रात्री ऑफिसच्या लॅपटॉपवर तो गोळीबाराचा कॉन्ट्रा खेळत बसतोस, मग हे धूड टेम्पोत कशाला? मला उत्तर सुचत नाही आणि भंगारवाल्याला द्यायला हात होत नाही. अजून एक. लॅपटॉपवरचा कॉन्ट्रा मला फास्ट वाटतो. पहिल्या पुलावरच मरतो, जो मी डोळे मिटून पार करायचो. वय झालं का? मी 41 चा. मुलगी नऊ वर्षांची, ती बाजूला बसून बघत असते.
तुमचा, माळ्यावरचा, परळ

परळकर,

आधी वयाचं बघू. विचारलंत मशिनांबद्दल, पण लागलंय ते हे. तर वय झालेलं नाही. कॉन्ट्रा खरोखरच फास्ट झालाय, आणि किती तेही सांगता येतं. पूर्वी जेवढ्या वेळात तुमचा हिरो पाच पावलं टाकायचा, तेवढ्यात आता तो सहा टाकतो.

त्याचं असं आहे. जपान-अमेरिकेतला जुना टीव्ही सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवायचा, आपला 50 वेळा. आपल्या पद्धतीचं नाव पाल (भिंतीवरची नव्हे, टीव्हीची). त्या काळचे खेळ घड्याळ बघत नसत, पडदा किती वेळा रंगला ते मोजत. पडदा एकदा रंगला की हिरो इतका सरकायचा, गोळी इतकी सरकायची, असा हिशोब. पडदा कमी वेळा रंगला की सगळं जगच सावकाश. जपानमध्ये 1983 साली आलेलं निन्टेंडो कंपनीचं फॅमिकॉम हे व्हिडिओ गेमचं मशीन 60 च्या चालीवर चालायचं आणि कॉन्ट्राही त्याच चालीवर बांधलेला. तुमच्या बाबांनी आणलं ते बहुधा त्याची तैवानी चिपवरची नक्कल, पाल टीव्हीसाठी बेतलेली. जपानी पोराला जो खेळ एका तासात संपायचा, तो तुम्हाला एक तास बारा मिनिटं पुरायचा. आता लॅपटॉपवर तो अमेरिकेच्या चालीने पळतोय आणि तुमचे अंगठे अजून परळच्या चालीत आहेत. पुलावर मरणारच.

याच्या पुढची गंमत मला जास्त आवडते. हेडफोन लावून ऐका. लॅपटॉपवर गाण्याची पट्टी जवळजवळ तीच लागते, लय मात्र चढलेली. कारण सूर प्रोसेसरच्या वेगावरून निघतो आणि लय पडद्यावरून. या नकली मशिनांत प्रोसेसर जवळजवळ जपानी मशिनाइतकाच पळायचा, फक्त पडदा मंद. युरोपात निन्टेंडोने स्वतः विकलेल्या पाल मशिनात प्रोसेसरही मंद केला होता, त्यामुळे तिथे सूरही उतरला. (तिथे या खेळात माणसंही नव्हती. हिरोंच्या जागी रोबो घातले आणि नाव ठेवलं प्रोबोटेक्टर.) म्हणजे आपल्या चाळींतून वाजला तो कॉन्ट्रा धड जपानचा नाही, धड युरोपचा नाही. त्याची पट्टी जपानची आणि ठेका आपला.

आणि तो ठेका परत मिळतो. मेसेन किंवा एफसीईयूएक्स यांपैकी कुठलाही एम्युलेटर (जुन्या मशिनाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घ्या, सेटिंगमध्ये रीजन शोधा आणि तिथे 'डेंडी' निवडा. डेंडी हे असंच एक नकली मशीन, 1992 पासून रशियात घरोघरी गेलेलं, आणि एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी त्याच्या नावाने वेगळी सोय करून ठेवली आहे. निवडा आणि पूल पार करून बघा. फक्त ते ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तुमच्या आयटीवाल्यांना एक दिवस ती फाइल दिसेल आणि मग तुम्ही मला वेगळ्या विषयावर पत्र लिहाल.

यात तुमच्या पहिल्या मशिनाचा निकाल लागून गेला, लक्षात आलं का? जुनी मशिनं जपणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा असतो की अस्सल ते अस्सल, कॉम्प्युटरवर चालतं ती नक्कल. ज्यांच्या घरात खरं फॅमिकॉम आहे त्यांनी हे जरूर म्हणावं. आपल्या घरात आलं तेच नक्कल होतं, आणि त्या नकलेची हुबेहूब नक्कल आता एका सेटिंगवर मिळते. मग मशिनाकडे उरतं काय? कॅसेट उघडून बघा. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. सगळी करामत त्या गोळ्याखाली. तो बिघडला तर लॅमिंग्टन रोडवरचा सर्वात हुशार हातही काही करू शकत नाही, कारण सोल्डर काढायला त्या गोळ्याला पायच नाहीत. बाकी '9999 इन वन'मध्ये किती खेळ होते हे तुम्हालाही माहीत आहे. आम्ही भावंडांनी एका मे महिन्यात वहीत यादी करायला घेतली होती. दुसऱ्या पानावरच कळलं की रोड फायटर पाच वेगवेगळ्या नावांनी परत येतोय.

राहिली बंदूक. ती तर टीव्ही गेला त्याच दिवशी मेली. ती गोळी मारत नाही, ती बघते. बदकं मारायच्या खेळात तुम्ही घोडा ओढला की पडदा निमिषभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक, आणि उजेड कितव्या खेपेला दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. हे सगळं जुन्या डबड्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. चपटा टीव्ही चित्र आधी आपल्याशी घोळवतो, मग दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ टळून जाते. भाड्याच्या खोलीत डबडा टीव्ही नेणार नसाल तर बंदूक खेळण्याच्या टोपलीत.

तेव्हा कॅसेटवालं मशीन जाऊ द्या. पत्रात तुम्ही सर्वात जिव्हाळ्याने त्याच्याबद्दल लिहिलंय, तरी म्हणते. त्या आधी मोह झाला तर एकदाच लावून बघा, पण दोन गोष्टी पाळा. अडॅप्टर बदलला असेल तर त्याच्यावरचं प्लस-मायनसचं चित्र मशिनावरच्या चित्राशी जुळवा, उलटं असेल तर आयुष्यातला शेवटचा धूर दिसेल. आणि कॅसेटच्या पिनांवर फुंकर नको. आपण सगळ्यांनी मारली. ती लागू पडायची असं वाटायचं, पण काम व्हायचं कॅसेट काढून परत बसवल्याने. फुंकरीने पिनांना थुंकी तेवढी लागायची. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, केमिस्टकडे मिळतं.

आता पीएसटू. याच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, आणि ठेवायचं आहे ते हेच.

कॉम्प्युटरवर पीएसटू चालत नाही असं नाही. पीसीएसएक्सटू नावाचा एम्युलेटर वीसेक वर्षं घडत आलाय, 2024 च्या जुलैत त्याची 2.0 आवृत्ती आली, आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर ग्रॅन टुरिस्मो मूळ मशिनापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. खरं मशीन पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने आजच्या टीव्हीला लावलंत तर चित्र पावसात भिजल्यासारखं येईल, हेही आधीच सांगून ठेवते. दिसण्यासाठी जुनं मशीन ठेवायचं असेल तर उगाच ठेवू नका.

पण रिमोट हातात घ्या. पीएसटूच्या रिमोटची बहुतेक बटणं नुसती चालू-बंद नाहीत, किती जोराने दाबलं ते मोजतात. ग्रॅन टुरिस्मोत फुलीचं बटण म्हणजे ॲक्सिलरेटर. हलकं दाबलं तर गाडी हलकी पळते, वळणावर तुम्ही अंगठा किंचित सैल सोडता आणि मागचं चाक रस्ता पकडतं. 68 टक्के तुम्ही असेच गेलात, अंगठ्याच्या जोरावर. दुकानात मिळणाऱ्या साध्या यूएसबी रिमोटला हे समजत नाही, त्याच्यासाठी बटण दाबलं म्हणजे पूर्ण दाबलं. जुना रिमोट अडॅप्टरने कॉम्प्युटरला जोडता येतो, पण स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये बहुधा हा दाबच वाटेत सांडतो. म्हणजे चित्र सुधारतं आणि गाडी बिघडते.

दुसरी गोष्ट कागदोपत्री आहे, पण महत्त्वाची. पीसीएसएक्सटू चालायला पीएसटूची बायोस फाइल, म्हणजे मशीन सुरू करणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, लागते आणि ती एम्युलेटरसोबत येत नाही. ती आपल्या मशिनातून काढून घ्यायची असते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये सॉफ्टवेअरची प्रत हक्काने बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढायची मुभा आहे. पण प्रत बाळगणाराच नसाल तर राखीव कशाची? मशीन भंगारात गेलं की बायोसवर तुमचा सांगण्यासारखा हक्क उरत नाही. वहिनींना हे जरूर सांगा: कॉम्प्युटरवर चालतं ते या धुडाच्या जिवावर. (आता चिप बसवलेल्या मशिनाच्या, फुटपाथवरून घेतलेल्या डीव्हीडींच्या मालकाला मी कायदा शिकवतेय हे मलाही कळतंय. त्या डीव्हीडींना ही मुभा लागू नाही. हक्काची प्रत म्हणजे हक्काने घेतलेली.) एम्युलेटर बनवणं हा स्वतःत गुन्हा नाही. सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर अमेरिकेत खटला भरला होता, 2000 साली वरच्या कोर्टात तो कनेक्टिक्सच्या बाजूने गेला. त्याच अमेरिकेत 2024 मध्ये निन्टेंडोच्या स्विच या मशिनाचा एम्युलेटर युझू बनवणाऱ्यांना निन्टेंडोशी तडजोड करून 24 लाख डॉलर कबूल करावे लागले आणि गाशा गुंडाळावा लागला. स्विच तेव्हा दुकानात विकला जात होता, तुमचं पीएसटू 2013 मध्येच बनायचं बंद झालं. तरी कुठल्याशा साइटवरून उतरवलेली फाइल ही उतरवलेली फाइलच राहते.

तिसरं म्हणजे तुमची मुलगी. ती बाजूला बसून बघते, असं तुम्ही लिहिलंत. लॅपटॉप हा एका माणसाचा असतो, बसायची जागाच एकाची. त्यावर मध्येच ऑफिसचा मेसेज उगवतो, बॅटरी संपते, अपडेट लागतं. पीएसटूचं बटण दाबलं की तो दुसरं काहीच करत नाही, आणि पुढे दोन रिमोटांची दोन भोकं आहेत. यावर कुणी म्हणेल की लॅपटॉप टीव्हीला जोडा, दोन यूएसबी रिमोट आणा, झालं. बरोबर आहे, होतं. आमच्याकडे भाच्याने तसं करून दिलंय. महिन्यातून एकदा लागतं, कारण लावायलाच पंधरा मिनिटं जातात आणि मग ती वायर कुणाची यावरून वाद.

तेव्हा पीएसटू टेम्पोत चढवा. पण आधी तो जिवंत आहे का बघा, आणि थेट प्लग लावून नव्हे. माझ्या धाकट्या भावाचा असाच जाडा पीएसटू गिरगावातल्या माळ्यावर आठ पावसाळे होता. काढला, लावला, पंखा फिरायच्या ऐवजी आतून कुरकुर. स्क्रू काढून झाकण उचललं तर पंख्याच्या घरात झुरळांनी संसार थाटलेला, अंड्यांच्या डब्यांसकट. त्यांना दोष देत नाही, मुंबईत इतकी कोरडी, बंद जागा भाड्याने मिळते कुठे. साफ केला, चालला. सीडी मात्र वाचेना. लेन्सच्या सरकत्या दांड्यावरचं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं, ते पुसून नवं लावल्यावर वाचायला लागला. दुकानदार दिसताक्षणी 'लेन्स गेली' म्हणेल. आधी दांडा पुसायला सांगा.

सगळ्यात पहिलं काम मात्र मेमरी कार्ड. आठ एमबीचं ते काळं कार्ड, त्यात तुमचे 68 टक्के, आणि त्या 68 टक्क्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. खेळ परत मिळेल, मशीन परत मिळेल, ते नाही मिळणार. पीएसटूला पुढून पेनड्राइव्ह लागतो. यूलाँचएल्फ नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं की कार्डातली फाइल पेनड्राइव्हवर काढता येते आणि नंतर ती पीसीएसएक्सटूमध्येही घालता येते. चिपवाल्या मशिनात हे करून देणारी पोरं लॅमिंग्टन रोडला अजून आहेत. समोर बसून करून घ्या, कार्ड ठेवून येऊ नका.

पीएसथ्रीवर फार वेळ घालवत नाही. खरं तर तिघांत एम्युलेटरला सर्वात जड जाणारा हाच. त्याचा सेल प्रोसेसर इतका वेगळ्या घडणीचा होता की त्याचा एम्युलेटर आरपीसीएसथ्री चालवायला चांगला दणकट कॉम्प्युटर लागतो, तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा तो घास नाही. तत्त्व म्हणून बघितलं तर मी याच्याच बाजूने उभी राहिले असते. पण तुम्ही 2017 पासून त्याला हात लावलेला नाही, आणि तत्त्वासाठी पाच किलो कुणी तीन वर्षं वन आरकेत ठेवत नाही. एकच खात्री करा. त्यावर ऑनलाइन विकत घेतलेले खेळ आहेत का? असले तर थांबा. 2021 मध्ये सोनीने पीएसथ्रीचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात मागे घेतलं. निन्टेंडोने आपल्या 3डीएस आणि वी यू या मशिनांचं दुकान 27 मार्च 2023 ला, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 चं 29 जुलै 2024 ला खरंच बंद केलं. असे विकत घेतलेले खेळ मशिनाच्या हार्ड डिस्कवर आहेत तोवरच खात्रीचे. नसतील, नुसत्या डिस्क असतील, तर चालू स्थितीत असतानाच विकून टाका, आपलं खातं त्यातून काढून. एक रिमोट मात्र मागे ठेवा. पीएसथ्रीच्या रिमोटची बटणंही दाब ओळखतात आणि तो यूएसबी वायरीने, वेगळा ड्रायव्हर घालून, लॅपटॉपला चालतो. कधी पीएसटूने मान टाकलीच तर ग्रॅन टुरिस्मोच्या कामी येईल.

कॅसेटवालं मशीन भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी वायरी जाळतो आणि उरलेलं नाल्यात. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्या. काही सोसायट्यांत त्यांचे डबे ठेवलेले असतात, चेंबूरला गेल्यावर वॉचमनला विचारा.

जागेचं म्हणाल तर जाडा पीएसटू साधारण 30 सेंटिमीटर लांब, 18 रुंद, 8 उंच. पैठणीच्या खोक्यात मावतो, आणि वहिनींकडे रिकामं खोकं असेलच. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या चपलांच्या डब्यात येतात त्या. आणि या वेळी माळ्यावर नको, टीव्हीखाली. चालत राहिला तर दांडा आखडत नाही आणि झुरळं जागा बघायला येत नाहीत. तिघांपैकी दोन मशिनांच्या बाबतीत वहिनी बरोबर होत्या हे त्यांना तुम्हीच सांगा, माझं नाव घालून सांगू नका.

आणि मुलीला पुलापलीकडे न्यायचंच असेल, तर तीस जिवांची युक्ती अमेरिकी कॉन्ट्रात लॅपटॉपवरही तशीच चालते. नावाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. एकटे असाल तर थेट स्टार्ट. ती सोबत खेळणार असेल तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट.